सगळीकडे वेगळा वागतो, मग खरा मी कोणता? ‘शॅडो वर्क’ने तो सापडतो का?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून मला कळला तसा आधी मांडते. तुम्ही छत्तिशीत आहात, घोडबंदर रोडला राहता, ऐरोलीला आयटीत आहात. ऑफिसात हसतमुख, बायकोसमोर गप्प, मित्रांत थट्टेखोर आणि आईवडिलांकडे गेलं की अजून दहावीतला मुलगा. कुणावर चिडत नाही, सगळे समजूतदार म्हणतात, पण आत पोकळ वाटतं. रविवारी पहाटे कॅमेरा घेऊन खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाता, तेवढाच वेळ खरा वाटतो. रील्स बघून कार्ल युंग या स्विस मनोविश्लेषकापर्यंत पोचलात. आता येऊरच्या बाजूला दोन दिवसांचं ‘शॅडो वर्क’ शिबिर आहे, म्हणजे स्वतःतली नाकारलेली बाजू, ‘सावली’, शोधायचं; अठरा हजार रुपये. ते भरावेत का, आणि नोकरी सोडून फोटोग्राफीत उतरलं तर खरा मी सापडेल का?

मी ठाण्यातल्याच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे. मध्ये काही वर्षं स्वतःही थेरपिस्टसमोर बसले आहे. दोन्ही बाजूंनी जे दिसलं ते लिहिते.

शिबिराचे पैसे भरू नका. का ते पुढे येईलच.

आधी तो ‘खरा मी’. रील्समध्ये असं भासवतात की आत कुठेतरी एक तयार, स्वच्छ, तेजस्वी माणूस बसलाय आणि वरची पुटं खरवडली की तो बाहेर येणार. मानसशास्त्राच्या ज्या शाखेतून हे उचललंय, तिच्यात असं काही म्हटलेलं नाही. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयाचे प्रमुख ऑइगेन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास ‘खोल मनाचं मानसशास्त्र’ (डेप्थ सायकॉलॉजी) अशा अर्थाचा शब्द वापरात आणला. त्यात गृहीत एवढंच होतं की माणसाच्या मनाचा मोठा भाग त्याच्या स्वतःच्या नजरेआड असतो आणि तिथूनच त्याच्या वागण्याची सूत्रं हलतात. त्या भागात काय असतं? बहुतेक वेळा आपल्याला स्वतःत नको असलेलं. म्हणून या वाटेने गेलात तर पहिली काही वर्षं स्वतःबद्दल वाईट बातम्याच जास्त येतात. तेज वगैरे नंतर, आलं तर.

तुमची ती चार रूपं, त्यातलं एकही खोटं नाही. डोनाल्ड विनिकॉट हा लंडनचा बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. त्याने १९६० मध्ये ‘खरा स्व’ आणि ‘खोटा स्व’ यांवर निबंध लिहिला, आणि आज जिथे तिथे हे शब्द फिरतात त्यांचा मोठा उगम तिथे आहे. त्याचं निरीक्षण तान्ह्या बाळापासून सुरू होतं. बाळ काहीतरी हालचाल करतं, आईने तिला प्रतिसाद दिला की बाळाला वाटतं, माझ्या करण्याने जग हललं. आई स्वतःच्याच विवंचनेत असली, बाळाच्या हालचालीऐवजी वारंवार आपलीच हालचाल त्याच्यावर लादत राहिली, तर बाळ हळूहळू तिच्याप्रमाणे वागायला शिकतं. हे शहाणपण पुढे स्वभाव बनतं. पण विनिकॉटने एक गोष्ट ठणकावून सांगितली, जी रील्समध्ये गाळतात: खोटा स्व निरोगी माणसालाही लागतो. शिष्टाचार म्हणजे तोच. लोकलच्या दारात मनातलं सगळं बोलून दाखवलं तर ठाण्याला चढलेला माणूस मुलुंडला धड उतरणार नाही. बिघाड तेव्हा, जेव्हा पाहणाऱ्यांनाच नव्हे तर स्वतः त्या माणसालाही तो समजूतदार चेहरा म्हणजेच आपण असं वाटू लागतं. ऑफिसात हे खपून जातं, जवळच्या नात्यात नाही. तुम्ही बायकोसमोर गप्प असता हे तुम्ही ओघात लिहून गेलात. मी त्या वाक्याशी सगळ्यात जास्त वेळ थांबले.

आता ‘मी कोण’ हे बसून, विचार करून का कळत नाही, ते सांगते. मी वर्गात दरवर्षी एक प्रयोग करायचे. कार्ल युंग बुर्गहोल्झ्लीत तरुण डॉक्टर असताना त्याने आणि फ्रान्झ रिक्लिनने शब्दसाहचर्याच्या चाचण्या केल्या होत्या. शंभर शब्दांची यादी, एकेक शब्द ऐकल्यावर मनात येईल तो पहिला शब्द बोलायचा, आणि सेकंदाचा पाचवा भाग मोजणारं स्टॉपवॉच. गंमत उत्तरात नसते, उशिरात असते. ज्या शब्दाशी माणूस अडखळतो, हसतो, प्रश्नच परत विचारतो, तिथे खाली काहीतरी आहे. त्याला युंग ‘कॉम्प्लेक्स’ म्हणू लागला. आपण न्यूनगंड म्हणतो त्यातला गंड तो हाच, फक्त न्यूनतेपुरता नाही.

एका वर्षी एक मुलगा हौसेने पुढे आला. हुशार, पुस्तकातलं सगळं पाठ. पाणी, झाड, आई, परीक्षा, अगदी मरण या शब्दालाही खाडकन उत्तरं. ‘किल्ली’ म्हटलं आणि तो थांबला. वर्ग हसायला लागला, त्याचे कान लाल झाले, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘‘नाही.’’ नुसतं नाही. मी पुढचा शब्द घेतला. तास संपल्यावर तो स्टाफरूमच्या दाराशी आला. वडिलांचं दुकान कर्जापायी सील झालं होतं, आणि वडील खाली उतरायला तयार नसल्याने दुकानाची किल्ली नेऊन द्यायचं काम याच्यावर आलं होतं. तेव्हा सातवीत होता. मला म्हणाला, ‘‘मॅडम, मी हे विसरलोय असं मला वाटत होतं.’’ हा मुलगा कुणाकडूनही कधी उसने पैसे घ्यायचा नाही, कॅन्टीनचा चहासुद्धा कुणाच्या पैशाने प्यायचा नाही, आणि हा आपला स्वाभिमान आहे असं सगळ्यांना सांगायचा. असेलही. पण तो स्वाभिमान त्याने निवडला होता की त्या किल्लीने, हे त्याला त्या दिवसापर्यंत विचारताच आलं नव्हतं. ‘मी स्वाभिमानी आहे’ असं त्याने डायरीत हजार वेळा लिहिलं असतं तरी किल्ली बाहेर आली नसती.

म्हणून या शाखेत सरळ प्रश्न विचारत नाहीत. आडून बघतात: स्वप्नं, चुकून निघालेले शब्द, पुन्हा पुन्हा होणारं तेच भांडण, आणि कोण आपल्या डोक्यात जातं ते.

शेवटचं ज्याला तुम्ही ‘शॅडो’ म्हणता त्याच्या सगळ्यात जवळचं आहे, तर त्याबद्दल माझं स्वतःचं सांगते. आमच्या पाचपाखाडीच्या घरी सासरचा गणपती असायचा. माझी नणंद नेरुळला. एका चतुर्थीला मी ओट्याशी, मोदकपात्राची वाफ तोंडावर, तुपापाण्याचा हात, गरम उकड मळून पाऱ्या करतेय, आणि ही दारातून आली ती नौपाड्यातून विकत घेतलेल्या मोदकांचा डबा घेऊन. ‘‘वहिनी, यंदा कंटाळा आला बाई, मी आपले विकतचेच आणले,’’ म्हणाली आणि हॉलमध्ये पंख्याखाली जाऊन बसली. कुणी तिला काही बोललं नाही. उलट तिला चहा मिळाला. मी कळ्या इतक्या जोरात चिमटल्या की उकड फाटून सारण बाहेर यायला लागलं.

पुढच्या सत्रात मी अख्खा तास नणंदेवर घालवला. माझ्या थेरपिस्ट बाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘तुम्हाला कधीपासून कंटाळा आलाय?’’ मी तत्काळ म्हणाले, मला नाही येत कंटाळा. तिथे स्टॉपवॉच लागलं असतं तर उलटंच दिसलं असतं: उत्तर फार लवकर आलं.

आता इथे थांबलं तर गोष्ट छान होते, की बघा, माझ्यात दडपलेला कंटाळा होता, तो मी स्वीकारला. शिबिरांत इथेच टाळ्या वाजतात. खरी भानगड त्याच्या खाली होती आणि ती निघायला बरेच महिने गेले. मला राबणं आवडत होतं. नेमकं सांगायचं तर राबताना दिसणं आवडत होतं. ‘वहिनीशिवाय या घरात गणपती होणार नाही’ हे वाक्य ऐकायला मी वर्षभर थांबायचे. ती एक सत्ता होती. नणंदेने डबा विकत आणून दाखवून दिलं की माझ्याशिवायही गणपती होतो, म्हणून मी पेटले. स्वतःला सोशिक समजणाऱ्या बाईला आपण सत्ता गाजवतो हे दिसणं ही सावली. कंटाळा त्यामानाने सोज्वळ होता.

हे कळल्यावर काय केलं? मोदक अजून करते. माझा हात चांगला आहे, कळ्या पाडायला मजा येते, तो माझाच भाग निघाला. गौरीच्या सोळा भाज्या मात्र बंद केल्या. सासूबाई दोन दिवस घुश्शात होत्या, मग त्यांनीच श्रीखंड आणायला सांगितलं. बाहेरून बघणाऱ्याला एवढाच बदल दिसला. युंग ज्याला ‘इंडिव्हिजुएशन’ म्हणतो, म्हणजे माणूस हळूहळू अख्खा, अखंड आणि आपल्यासारखा होत जाणं, ते माझ्या घरात तरी या मापाने आलं.

तर नोकरी. युंगचं नाव घेऊन लोक राजीनामे लिहितात म्हणून त्याचं काय झालं ते बघा. १९०७ मध्ये व्हिएन्नात तो मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडला पहिल्यांदा भेटला, दोघं तेरा तास बोलत होते असं तो सांगायचा. १९१३ मध्ये ते नातं तुटलं. युंग तेव्हा अडतीस वर्षांचा, जवळपास तुमच्याच वयाचा. त्यानंतर त्याला भयंकर दृश्यं दिसू लागली. ती त्याने मुद्दाम पुन्हा पुन्हा येऊ दिली, त्यांतल्या आकृत्यांशी संवाद केला, लिहून काढलं, चित्रं रंगवली आणि सगळं एका लाल चामडी बांधणीच्या मोठ्या वहीत उतरवलं. ती वही २००९ पर्यंत छापलीही गेली नव्हती. रील्समध्ये इथपर्यंत सांगतात. पुढचं सांगत नाहीत. विद्यापीठातली अध्यापकी त्याने १९१४ मध्ये सोडली हे खरं, पण त्याच काळात तो रुग्ण तपासत होता, पाच मुलांच्या घरात जेवायला बसत होता, स्विस सैन्यात डॉक्टर म्हणून हजेरी लावत होता. महायुद्धाच्या अखेरीस इंग्रज युद्धबंद्यांच्या छावणीवर नेमणूक असताना तो रोज सकाळी वहीत मंडलं, म्हणजे वर्तुळाकार आकृत्या, काढायचा आणि मग कामाला लागायचा. कुटुंब आणि रुग्ण यांनीच मला जमिनीवर ठेवलं, असं त्याने म्हातारपणी स्पष्ट सांगितलंय. शिवाय बायको एम्मा ही घड्याळ कारखानदाराची श्रीमंत मुलगी होती. तुमच्या फ्लॅटचा हप्ता कोण भरतं? (आणि टोनी वोल्फ या सहकारी स्त्रीशी असलेलं त्याचं प्रेमाचं नातं एम्माला किती जड गेलं, हेही वाचा कधीतरी. स्वतःशी प्रामाणिक राहण्याची किंमत अनेकदा घरातलं दुसरंच कुणी चुकवतं.)

फोटोग्राफीबद्दल मला एक शंका आहे. खाडीवरच्या त्या तासात कॅमेरा आहे, पक्षी आहेत, आणि तुमच्याकडून कुणाला काही नको आहे. तुम्हाला यातलं नेमकं काय खरं वाटतं? तिसरं असेल, तर धंदा सुरू केल्यावर तेच पहिलं जाईल. ठाण्यात फोटोग्राफीवर घर चालवायचं म्हणजे लग्नाचे हॉल, मुंजी, प्री-वेडिंग शूट. ‘दादा, अजून एक काढा ना’ म्हणणाऱ्या मामाला तुम्ही आज मॅनेजरला हसता तसेच हसाल. नकार न देता येणं हे तुमच्यासोबत नव्या कामावरही येईल, आणि तिथे पगार ठरावीक तारखेला येणार नाही. कॅमेरा हीच ओढ असेल तर ती आणखी वर्षभर नोकरी करूनही टिकेल.

आईवडिलांसमोरच्या दहावीतल्या मुलाबद्दल मी तुमच्याइतकी अस्वस्थ नाही. ॲलन रोलंड हा अमेरिकी मनोविश्लेषक भारतात आणि जपानात रुग्णांसोबत काम करून गेला. १९८८ मध्ये त्याने मांडलं की इथल्या माणसाचा स्व बराचसा कुटुंबात विणलेला असतो, आणि पाश्चात्त्य मोजपट्टी लावून त्याला अपरिपक्व ठरवणं चूक आहे. आपल्याकडे माणसं वन बीएचकेत वाढतात, जिथे बंद करायला एकच दार असतं आणि तेही बाथरूमचं. आईने पानात वाढलेली तिसरी पोळी मुकाट्याने खाणं हा खोटेपणा असेलच असं नाही. ते तुम्हाला आवडतही असेल. न आवडताही खाता आणि घरी येऊन बायकोशी अबोला धरता, तर मात्र बघायला हवं.

अजून एक पळवाट आपल्याकडे तयार असते. राग आला की लगेच ‘मी म्हणजे देह नव्हे, मन नव्हे’ असं म्हणून वर उडी मारायची. युंग १९३७ च्या डिसेंबरात भारतात आला होता, सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाचं निमंत्रण होतं. मुंबई, सांची, बनारस, कलकत्ता हिंडला, पण साधुसंतांची भेट त्याने जाणूनबुजून टाळली, रमण महर्षींचीही. जे मला स्वतःच्या बळावर गाठता येत नाही ते दुसऱ्याकडून घेणं माझ्यासाठी चोरी ठरेल, अशी त्याची भूमिका होती. मला ती जरा ताठर वाटते, भेटायला काय हरकत होती. पण अठरा हजारांत दोन दिवसांत सावली मिळवून देणाऱ्यांना त्याने काय म्हटलं असतं, याचा अंदाज येतो.

शिबिराला नको म्हणते ते याचसाठी. किल्लीसारखं काही वीस अनोळखी लोकांत, ढोल आणि श्वासाच्या व्यायामांच्या तंद्रीत वर आलं तर सोमवारी सकाळी त्याचं काय करायचं? शिबिरवाले पुढच्या बॅचच्या तयारीत असतात. अशा गोष्टी वर आल्या की ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच माणसासमोर पुन्हा बसता यावं लागतं.

घरच्या घरी सुरुवात करायची तर उशाशी वही ठेवा. जाग आल्याबरोबर, मोबाइल उघडायच्या आधी, स्वप्न आठवेल तेवढं लिहा: जागा कुठली, कोण होतं, कसं वाटलं, आणि आदल्या दिवशी काय घडलं. स्वप्नात साप दिसला म्हणजे अमुक, असले अर्थ बघू नका. युंगच्या मते स्वप्न बहुधा जागेपणी एकीकडे कललेल्या माणसाला दुसरी बाजू दाखवतं. सदा समजूतदार माणसाच्या स्वप्नात मारामाऱ्या असल्या तर नवल नाही. वर्गात हे सांगितलं की मुलं स्वप्नंच पडत नाहीत म्हणायची. आठवडाभर वही ठेवल्यावर बहुतेकांना पडायची. वहीच्या मागच्या पानांवर डोक्यात जाणारी माणसं लिहा, आणि त्यांचं नेमकं कुठलं वाक्य डोक्यात गेलं तेही. अर्थ लावायची घाई नको. दोनेक महिन्यांनी सलग वाचा.

मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञ गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. आत खोदायचं काम पाय रोवलेले असतानाच करावं.

आणि थेरपिस्ट बघा. ठाणेकरांना यात लाज वाटायचं खास कारण आहे, ‘कुठे असता, ठाण्याला? मग बरोबर!’ हा विनोद आपण जन्मभर ऐकलाय. इथलं मनोरुग्णालय १९०१ चं, म्हणजे विनोदही तितकाच जुना असणार. पण मनोविकारतज्ज्ञ आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था याच गावात सुरू केली, आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानेही समुपदेशनाला जावं हे इथे बऱ्यापैकी रुळलं. तिथली ओळख मुख्यतः अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या विवेकनिष्ठ पद्धतीची, म्हणजे आजचा विचार तपासून बदलायचा. कित्येकांना तेवढं पुरतं, आणि लवकर गुण येतो. तुम्हाला खोलातच जायचं असेल तर पहिल्याच भेटीत विचारा: शिक्षण कुठलं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी आहे का, मनोगतिकी (सायकोडायनॅमिक) पद्धतीने, म्हणजे मनाच्या नजरेआडच्या भागावर, काम करता का, स्वतः थेरपी घेतली आहे का, आणि अडलेल्या केसची चर्चा कुणाशी करता. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. आठवड्यातून एक तास, तोच वार, वर्ष-दोन वर्षं, असा हिशेब धरा; परवडत नसेल तर तेही तोंडावर सांगा, पुष्कळ जण फी कमी करतात.

काही महिन्यांनी तुम्हाला त्यांचा राग येईल. उशीर केला म्हणून, काही विसरले म्हणून, नुसतेच गप्प बसले म्हणून. तुम्ही ‘ऑफिसात काम निघालं’ असा मेसेज टाकून त्या आठवड्याला जाणार नाही, आणि पुढच्या वेळी हसतमुखाने जाल. तसं करू नका. त्याच वारी जा, बसा आणि सांगा की मला तुमचा राग आलाय. तुम्ही विचारलेल्या सगळ्या गोष्टींत तुम्हाला हीच सगळ्यात जड जाईल असं मला तुमच्या प्रश्नावरून वाटतं. इतका मोठा मजकूर लिहूनही त्यात तुम्ही तीनदा माफी मागितली आहे.